आकड्याचे कुळशील

सोयरीक जुळविताना कुळशील विचारण्याची आपली चाल फार जुनी आहे. मुलगा कोणत्या गावचा, घराणे कोठले, आजोळ कोणते, याची चौकशी केल्यावाचून कोणी सुज्ञ मनुष्य आपली कन्या देत नाही. बैलजोडी घेतानासुद्धा ती कोणत्या बाजारची व कोणाच्या गोठ्यातली, हे शेतकरी आधी विचारून घेतो. मात्र एक पाहुणा असा आहे की, तो दारात येताच नावगाव न विचारता आपण त्यास पाटावर बसवितो. तो पाहुणा म्हणजे छापील आकडा. आकडा खोटे बोलत नाही अशी आपली समजूत असते. ती खरीही असेल. परंतु तो कोणाविषयी बोलत आहे, हे त्यास विचारल्यावाचून कळत नाही, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

हे आम्हांस एका शेतकऱ्याने शिकविले. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. देवरी तालुक्याच्या बाजूचे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. घरची बोली गोंडी, बाजारची हिंदी आणि शाळेची मराठी, असा त्यांच्या कुटुंबाचा त्रिभाषी संसार. एके दिवशी ते एक कागद घेऊन गोंदियास आमच्या घरी आले. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाची बुद्धिपरीक्षा झाली होती आणि कागदावर 'बी. के. टी.' अशी तीन अक्षरे व त्यांपुढे ६४ हा आकडा लिहिलेला होता. परीक्षा घेणारांनी मुलास मायेने वागविले, अशी त्यांची स्वतःचीच साक्ष होती. तेव्हा ते कोणाची तक्रार घेऊन आले नव्हते. त्यांस केवळ अर्थ हवा होता. आम्ही आपल्या अध्यापकी रीतीने सांगितले की, सामान्य मुलाचा अंक १०० धरतात आणि ६४ हा त्याहून बराच खाली आहे. ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले व म्हणाले, "सर, आमचा पोरगा बैलं चारून आणते, कोणत्या बांधीतलं पाणी कोणत्या बांधीत फोडायचं ते त्याले समजते. मंग हे शंभरवालं पोरगं कोणत्या गावचं जी?"

"भाऊ, पाहून सांगतो," एवढेच आम्ही त्या दिवशी म्हणू शकलो. तीस वर्षे अध्यापन केलेल्या मनुष्यास हा प्रश्न आपण होऊन कधी सुचला नव्हता, याची लाजही वाटली. पुढील लेखन म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध होय. तो शोध आम्हांस पॅरिसहून धारवाडास, धारवाडाहून नागपुरास घेऊन गेला. आणि वाटेत आणखी एका मोजणीची गाठ पडली, ती म्हणजे विद्वानांच्या विद्वत्तेची मोजणी. या दोन मोजण्यांचे दैव इतके सारखे निघाले की, एकीची हकीकत दुसरीवाचून सांगता येत नाही.

पहिलीचा आरंभ पॅरिसमध्ये झाला. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व प्रकारची मुले शाळेत येऊ लागली होती, आणि ज्यांस नेहमीच्या वर्गात शिकणे जमत नाही अशांस वेगळे साहाय्य देण्यासाठी ती ओळखावी कशी, हा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने हे त्या समितीचे सभासद. त्यांनी थिओडोर सिमाँ या तरुण वैद्याच्या मदतीने १९०५ साली ३० लहानलहान कृत्यांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, दोन वस्तूंतील फरक सांगणे, शब्दाचा अर्थ सांगणे, अशी ती साधी कृत्ये होती. १९०८ सालच्या आवृत्तीत त्यांनी ती वयानुसार लावली आणि 'मानसिक वय' ही कल्पना पुढे आणली. बिने १९११ साली वारले. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांनी एका ग्रंथात बजावून ठेविले होते की, बुद्धी ही एकदा मिळालेली आणि न वाढणारी पुंजी आहे असे मानणे चूक आहे. त्यांच्या लेखी आपली श्रेणी हे मदत कोणास द्यावी हे ओळखण्याचे साधन होते.

ग्रंथकर्ता मेला की ग्रंथ लोकांचा होतो, तसेच या श्रेणीचे झाले. १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयास खऱ्या वयाने भागण्याची युक्ती सुचविली. अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानातील व्हाइनलँड या गावी मंदबुद्धी मुलांची एक संस्था होती. तेथील हेन्री गॉडर्ड यांनी बिनेची श्रेणी इंग्रजीत आणली. पुढे १९१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे हजार मुलांवर ती पुन्हा बसविली, भागाकारास १०० ने गुणले, आणि 'बुद्ध्यंक' हा शब्द घरोघरी पोहोचविला. जे साधन साहाय्यासाठी निघाले होते, त्याने आता माणसांस पायऱ्यांवर उभे करण्यास आरंभ केला.

हिंदुस्थानात हे साधन आले तेव्हा त्याच्यापुढे दोन अडचणी होत्या. एक भाषेची व दुसरी मुलांची. केवळ भाषांतर करून भागत नाही. कॅलिफोर्नियातील सात वर्षांच्या मुलास जे सहज येते ते येथील सात वर्षांच्या मुलास येईलच असे नाही, आणि येथील मुलास सहज येणारी गोष्ट तेथे अवघड ठरेल. म्हणून प्रत्येक प्रश्न येथील मुलांस विचारून तो कोणत्या वयास शोभतो हे नव्याने ठरवावे लागते. यास मानके बसविणे म्हणतात, आणि या विद्येतील खरे कष्टाचे काम तेच होय. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयातील सी. हर्बर्ट राइस यांनी हे काम हिंदुस्थानीत प्रथम केले. त्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रिन्स्टन येथून प्रसिद्ध झाला. त्यानंतर मराठी वाचकांस ज्यांचे नाव विशेष परिचित असावयास हवे होते आणि नाही, असे व्ही. व्ही. कामत पुढे येतात.

कामतांनी टर्मन यांची १९१६ ची श्रेणी घेतली आणि धारवाडच्या बाजूस कानडी व मराठी बोलणाऱ्या हजाराहून थोड्या अधिक मुलांवर ती बसविली. या कामाचा निबंध १९३४ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हा त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४० साली काढला. त्या ग्रंथाची चौथी आवृत्ती १९६७ साली निघाली. यंत्राच्या साहाय्यावाचून, मुलांस एकेकटे समोर बसवून, प्रत्येकास तासतासभर प्रश्न विचारून, आलेल्या उत्तरांचा ताळा हाताने मांडून हे काम झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे हजार या आकड्याचे वजन कळते.

तर 'बी. के. टी.' या तीन अक्षरांतील पहिले अक्षर पॅरिसच्या बिनेंचे, दुसरे आमच्या कामतांचे, आणि तिसरे नुसत्या 'टेस्ट' या शब्दाचे. दहा वर्षांचा, म्हणजे १२० महिन्यांचा मुलगा या कसोटीवर ६ वर्षे ५ महिने, म्हणजे ७७ महिने इतके मानसिक वय दाखवील, तर ७७ ला १२० ने भागून १०० ने गुणले असता ६४ येतात. आमच्या स्नेह्याच्या कागदावरील आकड्याची पैदास ही अशी. आणि 'शंभरवालं पोरगं' धारवाडच्या बाजूचे. कानडी किंवा मराठी बोलणारे. आणि आज हयात असेलच तर शंभरीच्या आसपास पोहोचलेले एखादे आजोबा!

येथे भूगोलातील एक चमत्कारही सांगण्यासारखा आहे. कामत आपले काम करीत होते तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते आणि गोंदिया हे मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील भंडारा जिल्ह्याचे गाव होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, त्या एकाच दिवशी धारवाड मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले आणि भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे धारवाडचे ते मूल आणि देवरीकडचे हे मूल एका राज्याच्या छत्राखाली एक दिवसही नांदलेले नाही. तरीही एकाची उंची दुसऱ्याच्या खांद्याने मोजली गेली.

आता कोणी विचारील की, ज्याच्या कामाच्या आधारे देशभर अनेक पिढ्यांच्या मुलांची परीक्षा झाली, त्या संशोधकाचे नाव विद्वत्तेच्या जमाखर्चात केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल? याचे उत्तर शोधू लागताच आम्ही त्या दुसऱ्या मोजणीपाशी आलो.

एका विद्वानाने दुसऱ्याच्या निबंधाचा आधार घेतला की तो तसा उल्लेख करतो, आणि या उल्लेखांची बेरीज करून हल्ली संशोधकाची योग्यता ठरवितात. ही चाल विद्वानांनी वकिलांकडून उचलली आहे. अमेरिकेत इलिनॉय संस्थानातील फ्रँक शेपर्ड या गृहस्थाने १८७३ साली न्यायनिवाड्यांची एक सूची काढण्यास आरंभ केला. अमुक निवाड्याचा पुढील कोणकोणत्या निवाड्यांत उल्लेख झाला हे तीत नोंदलेले असे. त्याने किती निवाड्यांत मान मिळविला हे मोजणे हा तिचा उद्देश नव्हता. वरच्या न्यायालयाने तो फिरविला काय, त्यास बाध आला काय, थोडक्यात तो निवाडा अद्याप ग्राह्य आहे की नाही, हे वकिलास पाहता यावे, म्हणून ती सूची होती. पुढे १९२७ साली ग्रॉस नावाच्या दोघा अभ्यासकांनी रसायनशास्त्रातील उल्लेख मोजले, तेही एका लहानशा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने तुटपुंज्या पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी. आमच्यासारख्या मोफसलच्या अध्यापकांस या हेतूविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. आपल्या देशातील रंगनाथन यांनीही १९४८ साली ग्रंथालयाच्या कामासाठी अशा मोजमापाचे एक शास्त्र असावे असे सुचविले होते.

शेपर्डची युक्ती विज्ञानात आणण्याचे श्रेय यूजीन गारफील्ड यांस आहे. १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी हा विचार मांडला तेव्हा, जुनी, अपुरी किंवा खोटी माहिती विद्वानांनी आंधळेपणाने पुढे चालवू नये, हा त्यांचा पहिला हेतू होता. १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतील सुमारे १४ लाख उल्लेख गोळा करून त्यांनी १९६३ साली पहिली मोठी सूची काढली. समाजशास्त्रांची निराळी सूची १९७३ साली आली. परंतु एकदा बेरीज हाताशी आली की ती करण्याचा मोह कोणास आवरतो? प्रथम नियतकालिकांचा क्रम लागला, मग माणसांचा. २००५ साली हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्याने 'एच-अंक' काढला. ज्याचे निदान २० निबंध निदान २० वेळा उल्लेखिले गेले, त्याचा अंक २०. या हिशेबाने ज्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला व तो दहा हजार वेळा उल्लेखिला गेला, त्याचा अंक अवघा १ भरतो! आमच्याकडेही २०१० सालापासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी अध्यापकांच्या निबंधांस गुण देण्याची पद्धत आली. आम्हीही ते तक्ते भरले आहेत, आणि त्या गुणांसाठी पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके कशी कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे उगवली, हेही पाहिले आहे.

बिनेची श्रेणी आणि गारफील्डची सूची यांच्या कथा शेजारी ठेवून वाचकांनी पाहाव्यात. एक निघाली ती मुलास मदत कोठे हवी हे कळावे म्हणून, आणि मुलांच्या पायऱ्या लावण्यात तिची अखेर झाली. दुसरी निघाली ती कोणत्या माहितीवर विश्वास ठेवावा हे कळावे म्हणून, आणि विद्वानांच्या पायऱ्या लावण्यात तिची अखेर झाली. दोहोंतही मूळ प्रश्न गळून पडला आणि आकडा तेवढा राहिला.

मन व मेंदू यांच्या शास्त्रात तर या मोजणीच्या विचित्र गमती दिसतात. कामतांच्या निबंधानंतर एकाच वर्षाने, १९३५ साली, अमेरिकेतील टेनेसी संस्थानात जॉन रिडले स्ट्रूप या विद्यार्थ्याने आपला प्रबंध प्रसिद्ध केला. 'तांबडा' हा शब्द हिरव्या शाईने लिहिला, तर शाईचा रंग सांगताना माणूस अडखळतो, कारण वाचण्याची सवय आडवी येते. एवढाच त्यातील विषय. स्ट्रूप पुढे या शास्त्रात रमले नाहीत. बायबल शिकविण्यात त्यांनी आयुष्य घालविले आणि १९७३ साली ते वारले. त्यांच्या नावावर मानसशास्त्रातील निबंध मोजकेच आहेत. परंतु १९९१ साली त्यांच्या प्रयोगाचा परामर्श घेणाऱ्यास चारशेहून अधिक संशोधने विचारात घ्यावी लागली. आणि त्याच्या आदल्याच वर्षी चालत्या मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात माणसास निजवून, त्याच शब्द-रंगांच्या खेळात मेंदूचा कोणता भाग जागा होतो हे पाहण्यात आले होते. हल्लीच्या मज्जाशास्त्रातील कोणताही विद्यार्थी स्ट्रूपचे नाव घेतल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही.

उलट, पुष्कळ उल्लेख झाले म्हणजे गोष्ट खरी ठरली असेही नाही. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध प्रयोग निरनिराळ्या विद्वानांनी मिळून पुन्हा करून पाहिले, तेव्हा निर्णायक म्हणता येईल असा परिणाम सुमारे ३६ टक्के प्रयोगांतच पुन्हा दिसला. २०२१ सालच्या एका पाहणीत तर असे आढळले की, जे प्रयोग पुन्हा करता आले नाहीत तेच अधिक उल्लेखिले जात आहेत. आणि ते फसल्याचे जाहीर झाल्यावरही त्यांचा मान फारसा उतरला नाही. ज्या वहीचा जन्म शिळा माल ओळखण्यासाठी झाला, तीत शिळ्या मालाचाच खप अधिक निघावा, यास काय म्हणावे?

आता कामतांकडे वळू. त्यांच्या निबंधास स्ट्रूपप्रमाणे उल्लेखांचे भाग्य का लाभले नाही? एक कारण उघड आहे. ज्या खोल्यांत त्यांची कसोटी वापरली गेली त्या खोल्यांतून निबंध निघत नाहीत, दाखले निघतात. आणि दाखल्यांची मोजणी कोणतीही सूची करीत नाही. दुसरे कारण समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी सांगून ठेविले आहे. एखादी गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडली की तिच्या कर्त्याचे नाव घेण्याची गरज कोणास वाटत नाही. कर्ता आपल्या यशातच विरघळतो. कामतांचे नाव असेच विरघळून एका अक्षरापुरते उरले.

यावर कोणी म्हणेल, 'यात बिघडले काय? कर्ता निरभिमानी असेल तर त्यास दुःख नाही.' कर्त्यास नसेलही. परंतु त्या देवरीकडच्या मुलास आहे, हे या लेखाचे खरे म्हणणे होय. नाव गेले की त्याबरोबर साल जाते, गाव जाते, भाषा जाते, आणि 'हे मोजमाप अद्याप ग्राह्य आहे काय?' हा शेपर्डचा प्रश्न विचारण्याची वाटच बंद होते.

तो प्रश्न येथे का विचारावयास हवा? १९८० च्या दशकात न्यूझीलंडमधील जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांचे आकडे तपासून दाखविले की, पिढी-दर-पिढी मुले या कसोट्यांवर अधिक गुण मिळवीत जातात. अमेरिकेत ही वाढ दशकास सुमारे ३ अंक इतकी होती. म्हणून जुन्या मानकांशी ताडले असता आजच्या मुलाचा अंक फुगून येण्याचा संभव असतो, आणि ज्यास साहाय्याची खरोखर गरज आहे असे मूल रेषेच्या वर जाऊन सवलतीस मुकते. उलट, घरी गोंडी किंवा पोवारी बोलणाऱ्या मुलास मराठी शब्दांचे अर्थ विचारले, तर त्याचा अंक विनाकारण खाली येण्याचा संभव असतो. एक चूक वर ढकलणारी, दुसरी खाली ओढणारी. दोहोंची वजाबाकी होऊन ६४ हे बरोबर आले की चूक, हे आम्ही काय, कोणीच त्या कागदावरून सांगू शकत नाही.

या जिल्ह्याच्या अधिक जवळची एक कसोटीही आहे, आणि तिचे घराणे तर आमच्या नागपुरचे आहे. नागपुरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकेतील डेव्हिड वेक्सलर यांच्या १९४९ च्या मुलांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर केले. १९६९ साली पुढे आलेली ही कसोटी ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी असून, तीत शब्दांचे ६ व हातांनी करावयाच्या कृतींचे ५ भाग आहेत. ठोकळे जुळविणे, चित्रातील उणीव दाखविणे, चक्रव्यूहातून वाट काढणे, अशा कृतींमुळे भाषेत अडलेल्या मुलास दुसरी वाट मिळते. याच मालिन यांनी व्हाइनलँडच्या एडगर डॉल यांची १९३५ ची सामाजिक पक्वतेची श्रेणीही नागपुरात भारतीय रूपात आणली. तीत ८९ कलमे आहेत. मूल आपल्या हाताने जेवते काय, अंगात कपडे घालते काय, एकटे दुकानात जाऊन जिन्नस आणते काय, असे प्रश्न त्याच्या वडीलमंडळींस विचारावयाचे असतात. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने अपंगत्वाच्या दाखल्यांसंबंधी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत बौद्धिक अपंगत्वाचे शेकडा प्रमाण ठरविण्यासाठी याच व्हाइनलँड श्रेणीचे गुण धरले होते. बैल चारून आणणाऱ्या व बांधीचे पाणी फोडणाऱ्या मुलाच्या बापाचा युक्तिवाद, त्यास नकळत, डॉल व मालिन यांचाच युक्तिवाद होता! मुलास काय येते हे केवळ शब्दांच्या खोलीत कळत नाही, शेताच्या धुऱ्यावरही पाहावे लागते.

तथापि मालिन यांच्या बाबतीतही तेच झाले. कसोटी गावोगाव पोहोचली, आणि तिचे नागपूर मागे राहिले. आमच्याच ओळखीच्या कित्येक पदवीधरांनी ही कसोटी वापरली आहे. परंतु ती आगगाडीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर तयार झाली, हे त्यांस ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर तिची मानके पुन्हा बसविण्यासाठी गोंदियाची मुले पाहावीत असे कोणाच्या तरी मनात आले असते, अशी आशा करण्यास हरकत नाही.

गोंदिया हे धानाचे व भातगिरण्यांचे गाव. येथील व्यापाऱ्याचा काटा आणि वजने सरकारी निरीक्षकाकडून ठराविक मुदतीने तपासून घ्यावी लागतात, व त्यांवर नवा शिक्का नसला तर दंड होतो. तांदळाच्या पोत्यात पावशेराची चूक होऊ नये म्हणून समाजाने केवढा हा बंदोबस्त केला आहे! परंतु ज्या काट्याने मुलाची बुद्धी तोलली जाते, त्यावर शेवटचा शिक्का कोणत्या साली व कोठे पडला, हे पाहण्याची मुदत कोणी बांधून दिलेली नाही.

म्हणून हे काटेच फेकून द्यावेत, असे मात्र आमचे म्हणणे नाही. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने मुलास जे साहाय्य मिळावयाचे, त्याचा दरवाजा दाखल्याने उघडतो, आणि दाखल्यास काहीतरी मोजमाप लागतेच. बिनेंनी ज्या दयाबुद्धीने आरंभ केला तिचे चांगले फळ पुष्कळ मुलांस मिळाले आहे. आमचे मागणे लहान आहे. जो कोणी आकडा लिहील, त्याने कसोटीचे पूर्ण नाव, तिच्या कर्त्याचे नाव, मानके बसविल्याचे गाव व साल, आणि मुलास कोणत्या भाषेत प्रश्न विचारले ती भाषा, एवढे शेजारी लिहावे. दोन ओळींचे काम आहे. त्या दोन ओळी म्हणजेच खरा संदर्भोल्लेख. त्याने कोणाचा एच-अंक वाढणार नाही, पण पुढच्या माणसास शंका घेण्याचा हक्क मिळेल. आणि आमच्या महाविद्यालयांतील तरुण अध्यापकांस सांगणे आहे की, कोणी मोजणार नाही अशा नियतकालिकांत गुणांसाठी दहा निबंध छापण्यापेक्षा सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव येथील शाळांतून हजार मुले एकेकटी समोर बसवावीत. कामतांनी धारवाडकडे केले तेवढेच, पण या मातीत व या बोलींत. कामतांचा आणि मालिन यांचा गौरव करावयाचा तर तो त्यांचे काम नव्याने करून त्यांस मागे टाकण्यानेच होईल. आणि त्या दोघांनीही आपल्या पूर्वसूरींच्या बाबतीत तेच केले होते.

इतके सर्व जमल्यावर आम्ही त्या गृहस्थांस उत्तर दिले. त्या वेळी रोवणी संपून बांध्यांत पाणी उभे होते. आम्ही म्हणालो, "भाऊ, ते शंभरवालं पोरगं धारवाडकडचं, आपल्या आजोबांच्या वेळचं." त्यांनी नीट ऐकून घेतले, आणि कागद परत घडी करून खिशात ठेवताना एवढेच म्हणाले, "मंग आपल्या गावच्या पोराइची परीक्षा कोण घेईन जी?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नाही, ते वाचकांपैकी कोणी द्यावे, म्हणून हा लेख लिहिला.